पाळतीचं मानवरहित विमान बनवणारी कंपनी नक्की काय बनवते?

कुतूहल:
लष्करासाठी पाळतीची मानवरहित विमानं बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल वाचतोय. एक गोष्ट खटकते. इंजिन एकाचं, कॅमेरा दुसऱ्याचा, उपग्रहाची लिंक तिसऱ्याची. मग कंपनीचं स्वतःचं असं काय? नुसत्या जुळवाजुळवीवर कोणी एवढं मोठं होतं का? जाणकारांनी सांगावं. माहितीपत्रकातली भाषा नको.

चाचणीवाला:
अशाच एका कंपनीत उड्डाण चाचणीच्या बाजूला नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. (नाव विचारू नका.)

जुळवाजुळव म्हणून नाक मुरडू नका, खरी झटापट तिथेच असते. नुसता कॅमेरा घ्या. विमान पाच किलोमीटरवरून बघतंय. कॅमेरा एक मिलिरेडियन हलला, म्हणजे बघणाऱ्याला कळणारही नाही इतका, की जमिनीवरची नजर पाच मीटर सरकते. त्यात मागे पिस्टन इंजिन अखंड थरथरत असतं. कॅमेरावाला म्हणतो आमचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी फिरती चौकट) चोख आहे, इंजिनवाला म्हणतो आमची थरथर मर्यादेत आहे. दोघंही खरं बोलतात आणि पडद्यावर चित्र मात्र पुसट! मधले रबरी माउंट किती मऊ ठेवायचे, नाकाचा सांगाडा कुठे ताठ करायचा, इंजिनाचे कुठले आरपीएम टाळायचे, हे निस्तरणं कंपनीच्या गळ्यात येतं. विकत आणायची सोय नाही.

तापमानाचंही तसंच. साडेपाच हजार मीटरवर बाहेर उणे वीसच्या आसपास असतं. पण तेच यंत्र उड्डाणाआधी धावपट्टीवर उन्हात ताटकळतं, हवा खेळत नाही आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स तापत जातात. आम्हाला आकाशापेक्षा जमिनीनेच जास्त छळलं.

बाकी कंपनीचं अगदी स्वतःचं म्हणाल तर फ्लाइट कंट्रोलचं सॉफ्टवेअर. लिंक तुटली तर कुठे परत यायचं, जीपीएस जॅम झालं तर कुठल्या सेन्सरवर भरवसा ठेवायचा, हे तिथे ठरतं.

आडवा_तिडवा:
तरी चावी दुसऱ्याच्या हातात राहतेच की. तुर्कस्तानची बायकार बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात नागोर्नो-काराबाखची लढाई चालू असताना, कॅनडाने बायकारच्या टीबी२ या मानवरहित विमानाला लागणाऱ्या वेस्कॅम कॅमेऱ्यांची निर्यात थांबवली. एप्रिल २०२१ मध्ये तर परवानेच रद्द केले. त्यातल्या रोटॅक्स इंजिनामागच्या कंपनीनेही त्याच सुमारास हात आखडता घेतला होता.

चाचणीवाला:
उदाहरण बरोबर आहे, पण पुढचंही सांगा ना. त्यांनी अॅसेलसान या तुर्की कंपनीचा देशी कॅमेरा बसवला आणि विमानं बनत राहिली. आता कॅमेरा बदलणं म्हणजे काही बल्ब बदलणं नव्हे. वजन बदललं की गुरुत्वमध्य सरकतो. वीज किती खेचतो, थंड कसा ठेवायचा, व्हिडिओ कुठल्या स्वरूपात देतो, ऑपरेटरच्या पडद्यावर काय दिसणार, सगळं पुन्हा तपासावं लागतं. हे जमलं, कारण विमान आणि त्याचं सॉफ्टवेअर त्यांचं स्वतःचं होतं. ऑटोपायलटही सीलबंद डब्यात आयता आणणाऱ्या कंपनीला अशा वेळी घाम फुटतो. माझ्या मते परदेशी इंजिन किंवा कॅमेरा असण्यात एवढं वावगं नाही. ऑटोपायलटचा सोर्स कोड हाताशी नसणं मात्र धोक्याचं.

कुतूहल:
हे असं कुठे वाचायला मिळत नाही, आभार. अजून एक. उपग्रहाची लिंक कशाला? जमिनीवरचा अँटेना पुरत नाही?

चाचणीवाला:
पृथ्वी गोल असल्यामुळे पुरत नाही. विमान पाच हजार मीटरवर असेल तर सरळ रेषेतला रेडिओ फार तर २९० किलोमीटरपर्यंत पोचतो, वाटेत डोंगर असले तर त्याहून कमी. त्यापलीकडे उपग्रह. पण भूस्थिर उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आज्ञा जाऊन तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत निव्वळ अंतरापायीच साधारण अर्धा सेकंद जातो, व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याचा वेळ वेगळा. घिरट्या घालताना काही बिघडत नाही. आडव्या वाऱ्यात हाताने उतरवताना मात्र तेवढ्यात विमान मोडेल. म्हणून अमेरिकेच्या प्रिडेटर या मानवरहित विमानाच्या बाबतीत उडवणं-उतरवणं धावपट्टीजवळची वेगळी तुकडी करायची. आता बरीच विमानं आपोआप उतरतात.

आडवा_तिडवा:
आणि ताशी १३० किलोमीटरने रमतगमत जाणारं हे टीबी२सारखं प्रकरण क्षेपणास्त्रांपुढे टिकतं का?

चाचणीवाला:
सज्ज हवाई संरक्षणापुढे नाही टिकत. युक्रेनमध्ये २०२२च्या सुरुवातीला टीबी२चा गाजावाजा झाला. पुढे रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा सावरल्यावर त्याचा वावर आक्रसला. यावर कंपनी त्याच विमानात फारसं काही करू शकत नाही. लांब पंख आणि शंभरेक अश्वशक्तीचं इंजिन, म्हणूनच ते २७ तास वर राहतं. वेग वाढवला की इंधन वाढतं, वजन वाढतं आणि तास घटतात. मागणीपत्रात मात्र वेगही जास्त आणि तासही जास्त, दोन्ही शेजारशेजारच्या ओळींत.