मदत हवी आहे: पीआयडीचा आपल्याकडचा आकडा कुठे मिळेल?

मी चोपडा तालुक्यात आशा आहे. पुढच्या आठवड्यात महिलांच्या बैठकीत पीआयडी, म्हणजे गर्भाशय आणि नळ्यांची सूज, यावर बोलायचंय. ओटीपोटातलं दुखणं बाया महिनोन्‌महिने अंगावर काढतात, कापूस वेचणीच्या दिवसांत तर बोलतही नाहीत. नळ्या बंद होऊन दिवस न राहण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, हे त्यांना कळायलाच हवं.

अमेरिकेचा २०१३-१४ चा आकडा सापडला: लैंगिक संबंध आलेल्या १८ ते ४४ वयाच्या बायांपैकी ४.४ टक्के जणींनी हा आजार कधीतरी झाल्याचं सांगितलं. तो इथे लावणं मला पटत नाही. पांढरं जाण्याच्या तक्रारींचे आकडेही नकोत, कारण प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे पीआयडी नाही. औषधांचं डॉक्टरबाई बघतील. १५ ते ४९ वयोगटाचा, डॉक्टरांनी तपासून काढलेला महाराष्ट्राचा, जमलं तर खान्देशाचा आकडा कोणाकडे आहे का?