नानांची पंचाहत्तरी, क्रूझ आणि महाबळेश्वरचा हिशेब

ऋतुजावहिनी: बाबा, रागावू नका, पण नानांच्या पंचाहत्तरीच्या क्रूझचा ॲडव्हान्स भरायच्या आधी एक विचारायचं होतं. २५ डिसेंबरला बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असेल. ट्रॅव्हलवाल्याने "लहान मुलं फ्री" एवढंच सांगितलंय. पण एवढ्या लहान बाळाला बोटीवर घेतात का, हे कुणी विचारलंय?

शशीकाका: त्यात विचारायचं काय? घेतात म्हणून तर फ्री. ट्रॅव्हलवाल्याचा कोट (कोटेशन) पुन्हा टाकतोय, कुणी नीट वाचत नाही. मुंबई-गोवा-मुंबई, ३ रात्री, २५ ला निघायचं, २६ ला नानांचा वाढदिवस भर समुद्रात. बुधवारपर्यंत होकार हवाय.

सुनंदाआत्या: दादा, क्रूझ होईल तेव्हा होईल. आधी महाबळेश्वरच्या ट्रिपचा हिशेब टाक ग्रुपवर.

मिलिंदकाका: बोटीवर कसिनो असतो म्हणे. तिथेच मिटवू 😄

सुनंदाआत्या: तुम्ही मधे बोलू नका.

आदित्य (सिंगापूर): काका, वहिनीचं बरोबर आहे. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला चढूच देत नाहीत. सलग तीन किंवा जास्त दिवस जमीन दिसणार नसेल तर एक वर्षाची अट असते. वय धरतात ते बोट सुटते त्या दिवशीचं. बंदरावर कागद बघून परत पाठवलं तर पैसेही मिळत नाहीत.

शशीकाका: तू तिकडे बसून नियम सांगू नकोस रे. इकडे माणूस ओळखीचा आहे.

आदित्य (सिंगापूर): ओळखीचा माणूस बोटीत नसणार ना काका.

डॉ. सायली: मामा, आदित्य बरोबर सांगतोय. बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण लहान बाळांचं हॉस्पिटल नसतं. पाच महिन्यांच्या बाळाला रात्री ताप चढला तर तिथून कुठे नेणार?

आजी: बाळाला वारा लागू द्यायचा नाही. मी ओवा घेते बरोबर.

नाना: आम्ही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडला जायचो. डेकवर चटई टाकायची. दाभोळ, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग. बोट लांब उभी राहायची, मग पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर. पडावात उतरताना आईच्या कडेवर सहा महिन्यांचा वसंता होता. तेव्हा कुणी वय विचारलं नाही.

मिलिंदकाका: नाना, तेव्हा बुफेही नव्हता.

नाना: डबा होता. आणि तो ओकून जायचा.

विजूआत्या (नाशिक): 🌞 शुभ सकाळ 🌺 आनंद हा वाटल्याने वाढतो

विजूआत्या (नाशिक): कोण चाललंय क्रूझला?

विजूआत्या (नाशिक): अच्छा. वाचलं आत्ता वरचं सगळं. आम्हाला कुणी कळवलं नाही ते. नाशिक काही लांब नाही.

शशीकाका: अगं विजू, कोट सगळ्यांसाठीच आहे. मी मागच्याच आठवड्यात टाकला होता.

विजूआत्या (नाशिक): नाही हो दादा, तुमचा प्लॅन तुम्ही ठरवा. आपलं काही म्हणणं नाही.

सुनंदाआत्या: विजू, महाबळेश्वरलाही तुला असंच शेवटच्या दिवशी कळलं होतं. म्हणून म्हणतेय, तो हिशेब एकदा टाकावा.

ऋतुजावहिनी: आपण बाळावर येऊया का परत?

आदित्य (सिंगापूर): वहिनी, "फ्री" चाही अर्थ नीट बघा. भाडं माफ असलं तरी बंदराचे आकार आणि कर बाळालाही लावतात, सर्व्हिस चार्जही बऱ्याचदा माणशी असतो. आणि कोटातला आकडा दोघांच्या केबिनचा, माणशी आहे. काकांच्या कागदावर खाली बारीक अक्षरात "कर वेगळे" आहे, तिथे बोट ठेवून विचारा.

आदित्य (सिंगापूर): शिवाय बाळ मांडीवर असलं तरी केबिनमध्ये एक डोकं धरतात, कारण लाइफबोटीतल्या जागा मोजलेल्या असतात. चौघांच्या केबिनमध्ये चार मोठे आणि एक बाळ चालत नाही.

शशीकाका: मी आतली केबिन घेतली आहे, खिडकी नसलेली. सगळ्यात स्वस्त. त्यावर कुणाचं काही म्हणणं?

ऋतुजावहिनी: उलट तीच बरी. दिवे बंद केले की दुपारीही मिट्ट काळोख, दोघंही झोपतील. बाल्कनी नकोच, आमची इरा खुर्चीवर चढते. मला न्हाणीघराची काळजी आहे. तिथे फक्त शॉवर. बादली नाही, तांब्या नाही, पाट नाही. बाळाला अंघोळ कशी घालायची?

डॉ. सायली: हवा भरायचा टब ने वहिनी. शॉवरच्या कोपऱ्यात बसेल असा छोटा. आणि पाळणा आत्ताच मागून ठेव, बोटीवर मोजके असतात.

आजी: मी छोटा इलेक्ट्रिक कुकर घेते. इराला मऊ वरणभात लागतो. तिथलं तिखट असेल.

आदित्य (सिंगापूर): आजी, कुकर चढतानाच काढून घेतील आणि उतरताना परत देतील. इस्त्री, किटली, कॉइल, तापणारं काहीच केबिनमध्ये चालत नाही. आगीची भीती. बाळाच्या दुधाची पावडर चालते. वरणभात सांगितला तर करून देतील.

आजी: पैसे भरून भात मागायचा?

मिलिंदकाका: आजींचा कुकर आणि आमचा कसिनो, दोन्ही गेले.

शशीकाका: मुद्दा राहतोय. बुधवारपर्यंत कळवा.

अमृता (सिंगापूर): नमस्कार काका. आमच्याबद्दल सगळ्यांना माहीतच आहे. क्रूझवर गरोदर बाईला २४ आठवड्यांपर्यंतच घेतात आणि ते ट्रिपच्या शेवटच्या दिवशी मोजतात. माझे २४ पूर्ण होतात ६ फेब्रुवारीला. डॉक्टरांचं पत्रही लागेल. त्यामुळे पुढे ढकलायचं तर ६ फेब्रुवारीच्या आत.

ऋतुजावहिनी: आणि बाळाला सहा महिने होतात १८ जानेवारीला.

मिलिंदकाका: म्हणजे १८ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. एवढा बारीक मुहूर्त आमच्या लग्नालाही नव्हता.

शशीकाका: आणि नानांचा वाढदिवस? ७५ वर्षं माणूस थांबलाय त्या दिवसासाठी.

नाना: मी थांबलो नव्हतो. तो आपोआप आला.

आदित्य (सिंगापूर): तुम्ही सगळे इकडेच या ना. मोठी बोट, मुलांसाठी पाण्याचे खेळ.

निखिल: आद्या, हिशेब कर. तीन वर्षांच्या इराचं विमानाचं तिकीट जवळपास पूर्ण. व्हिसा सगळ्यांचे, तोही परत आत यायचं म्हणून मल्टिपल एंट्री. त्यावर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतात तो कर. बोट स्वस्त पडेल, बोटीपर्यंत पोचणं नाही. मुंबईहून निघायचं तर बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर टॅक्सीने जाता येतं. आणि आपल्या गोव्याला आधार कार्ड पुरतं.

सुनंदाआत्या: निखिल बोलला! महाबळेश्वरच्या वेळी गाडीचे पैसे तूच भरले होतेस ना? किती होते रे?

निखिल: आत्या 🙏

शशीकाका: सुनंदा, तो हिशेब वहीत आहे. वही घरी आहे. मी घरी गेलो की टाकतो.

सुनंदाआत्या: सहा वर्षं घरी गेला नाहीस का?

डॉ. सायली: आई पुरे. महत्त्वाचं सांगते. बोट लागेल म्हणून ॲव्होमिन कुणी मुलांना देऊ नका. घाटात एसटीत सर्रास देतात, पण त्यात प्रोमेथाझिन असतं, दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचं नाही. तसंही दोन वर्षांखालच्यांना बोट फारशी लागत नाही. लागेल ती मोठ्यांना. केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर मागा. हलणं तिथे सगळ्यात कमी.

विजूआत्या (नाशिक): कुणी बोलावलं तर मला कुठलीही केबिन चालेल.

शशीकाका: विजू, तुझं नाव लिहिलंय!!

ऋतुजावहिनी: तिथे गेल्यावर गोव्यात उतरायचं का? दोन लहान मुलं, स्ट्रोलर...

निखिल: बोट मुरगावला लागते. तिथून पणजी-कळंगुट म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला. सगळे उतरतात तेव्हा बोट रिकामी असते. आपण मुलांना घेऊन बोटीवरच थांबू.

मिलिंदकाका: गोव्यापर्यंत जाऊन गोवा बघायचा नाही. स्वस्त आहे खरं.

निखिल: लक्षद्वीपपेक्षा बरं. तिथे बोट लांब उभी राहते आणि छोट्या होडीतून उतरायचं असतं. वारा वाढला तर तेही रद्द.

नाना: म्हणजे पडावच.

डॉ. सायली: आणि पोहायचं धरू नका. डायपरमधल्या मुलांना बहुतेक बोटींवर मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. आमच्या कबीरला नाही मिळणार. किड्स क्लबही साधारण तीन वर्षांपासून, आणि शी-शू सांगता आली पाहिजे.

ऋतुजावहिनी: इरा सांगते. झाल्यावर.

निखिल: बाबा, माझं ऐका. कुणाचंच मूल अजून शाळेत नाही. मग नाताळ कशाला आणि २६ जानेवारीचा वीकएंड तरी कशाला? त्या तारखांना भाव चढलेलेच असतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सुटणारी विचारा. सुट्टी मी टाकतो. पुढच्या वर्षी इराला शाळा लागली की हे जमणार नाही.

शशीकाका: आणि २६ डिसेंबरचं काय करायचं?

नाना: घरी पुरणपोळी करा. बोटीत मला केक कापायला लावणार होतात.

आजी: मग कुकर लागेल.

शशीकाका: ठीक आहे. सगळ्यांचं ऐकायचं ठरलंय तर ऐकतो. ट्रॅव्हलवाल्याशी बोललो. सोमवारच्या फेरीचा कोट नाताळापेक्षा बराच खाली आहे. बाळाचं "चालतं का" म्हणून लेखी मागितलं, तर म्हणाला कंपनीला विचारून सांगतो. म्हणजे त्याने विचारलंच नव्हतं.

आदित्य (सिंगापूर): 😶

शशीकाका: हसू नकोस. सर्व करांसकट एकच आकडा लिहून मागितलाय. खालच्या मजल्यावर मध्यावर दोन केबिन आहेत, तिसरी थोडी पुढे. मुलांवाल्यांनी मधल्या घ्या. मला जन्मतारखा आणि आधारवरची नावं वैयक्तिक पाठवा. रविवारपर्यंत.

सुनंदाआत्या: पुढची केबिन आम्हाला, असंच ना? चालेल. वही सापडली का?

मिलिंदकाका: तिथलं मोबाइल नेटवर्क समुद्रात फार महाग असतं म्हणे. सगळ्यांनी फोन एअरप्लेन मोडवर. तीन दिवस हा ग्रुप बंद. मी तर त्यासाठीच येतोय.

विजूआत्या (नाशिक): 📷 📷 📷 📷

विजूआत्या (नाशिक): आमच्या चौघांची आधार कार्डं पाठवली आहेत. दोन्ही बाजू.

आदित्य (सिंगापूर): आत्या, आधार ग्रुपवर नको, काकांना वैयक्तिक पाठव. हे डिलीट कर लगेच.

विजूआत्या (नाशिक): कसं करायचं?

डॉ. सायली: मावशी, फोटोवर बोट दाबून धर, मग कचऱ्याचा डबा दिसेल. "सर्वांसाठी" वर दाब.

विजूआत्या (नाशिक): हा संदेश डिलीट केला आहे

विजूआत्या (नाशिक): शुभ सकाळवालं गेलं वाटतं. आधार अजून दिसतंय.