वापरलेले कपडे विकत घेणं: शहाणपण की नुसती हौस?

शिवणवेडी:
तीन वर्षं झाली, मी जवळजवळ सगळे कपडे थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, घेते. हल्लीचं नवं कापड चार धुण्यांत मान टाकतं. जुना लोकरी कोट उलटा करून बघा, शिवणीत बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते. उसवा, सैल करा, पुन्हा शिवा. घेताना काखेची शिवण, कॉलरची घडी आणि चेन आधी तपासायची, डाग दिवसाच्या उजेडात बघायचे. एका सुती टीशर्टमागे कापसापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी जातं म्हणतात. मग तयार असलेला सोडून नवा का घ्यायचा?

उलटतपासणी:
नवा घेतलाच नाही, तर पाणी वाचलं. स्वस्त मिळाले म्हणून पाच आणले आणि वर दोन नवेही घेतले, तर काय वाचलं? मी स्वतः असं केलंय. कपाट भरलं, अंगावर मात्र तेच तीन.

घडीमोड:
आणि ढेकणांचं काय?

शिवणवेडी:
@घडीमोड, पिशवी घरात उघडायची नाही. कपडा सोसणारा असेल तर ६० अंशाच्या पाण्यात धुवायचा किंवा ड्रायरमध्ये चांगला तापवायचा. उष्णतेने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात.

थोरलीचाफ्रॉक:
ताई, मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझं लहानपण दुसऱ्यांच्या कपड्यांत गेलं, हौस म्हणून नव्हे. आता सकाळीच येऊन चांगले कोट उचलणारे आणि ऑनलाइन चढ्या भावाने विकणारे दिसतात. ज्याला थंडीत तोच एक कोट घ्यायचा आहे, त्याच्या वाट्याला काय उरतं?

शिवणवेडी:
पण कपड्यांचा तुटवडा नाही हो. दुकानांत न खपलेले गठ्ठे जहाजांनी परदेशी जातात. घानात आक्रा शहरातला कांतामांतो बाजार त्यांवरच चालतो. तिथे या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे, म्हणतात. इतकं चांगलं कापड जिवंत माणूस टाकेल, हे पटेना म्हणून. आणि चिलीच्या आटाकामा वाळवंटात टाकलेल्या कपड्यांचे ढीग साचलेत. मी एक घेतला तर कोणाचा घास हिरावला?

थोरलीचाफ्रॉक:
ढिगात पातळ पॉलिस्टरचे टॉप असतात. जाड कोट, मजबूत बूट, मोठी मापं मोजकीच येतात. तुटवडा त्यांचा आहे. आणि मोठ्या मापाचा कोट कापून लहान करणारे तुमच्यासारखेच शिवणारे असतात.

शिवणवेडी:
हे मी केलंय. गेल्या हिवाळ्यात दोन कोट, केवळ कापड सुंदर होतं म्हणून. मोठ्या अंगाच्या बाईला तो जसाच्या तसा झाला असता, हे मनात आलंच नव्हतं. वापरलेलं घ्यायचं, हे मत बदलत नाही. पण यापुढे कात्री लावायची ती फाटलेल्याला किंवा माझ्याच मापाच्या कपड्याला.

उलटतपासणी:
आणि एक आणला की कपाटातला एक बाहेर, तेवढंही धरा.