बागेने, टेकडीने तुम्हाला काय दिलं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. परवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितलं, "चाला." आता पुण्यात चालायला जागा कमी नाही. मनपाच्या बागाच दोनशेच्या वर आहेत, शिवाय पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. तरी गेली अकरा वर्षं मी गॅलरीतून कुंड्यांना पाणी घालण्यापलीकडे हिरवळीच्या वाटेला गेलेलो नाही. फायद्यांच्या याद्या वाचून झाल्यात, त्या नकोत. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. काहीच झालं नसेल तर तेही लिहा. नाव नको, भाग लिहिला तरी चालेल.

सहकारनगर, वय 71

मी तळजाईवाला. सौ. गेल्यावर मुलीने जबरदस्तीने बूट आणून दिले म्हणून जायला लागलो. पहिले दोन महिने कोणाशी बोललो नाही. मग एकाने विचारलं, "काका, काल दिसला नाहीत?" बस, तेवढंच. आता आमची सातजणांची टोळी आहे. दोन फेऱ्या, मग कट्टा, मग राजकारण, मग भांडण, मग चहा. गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि फोन बंद पडला होता. पावणेनऊला दारात दोघं हजर. एकाच्या हातात पेज, दुसऱ्याच्या हातात स्वतःच्या घरातली क्रोसिन. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, 8.4 होतं, वर्षभरात 7.1 वर आलं. गोळी तीच आहे. चालण्याने की चहात साखर बंद केल्याने, देव जाणे. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही चालता कमी, बोलता जास्त." खरं आहे. पण मला औषध लागलं ते बोलण्याचंच, चालणं त्याच्याबरोबर फुकट मिळालं.

कर्वेनगर, परिचारिका

वॉर्डात एक पलंग खिडकीजवळ आहे, बाहेर कडुनिंब. नातेवाईक त्या पलंगासाठी वशिला लावतात. मी हसायचे. मग आमच्या एका सीनियर सिस्टरने 1984 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातल्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 पेशंटांच्या नोंदी जोड्या लावून तपासल्या. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकाचे जालीम डोस कमी लागले. पेशंट मोजकेच, हे खरं. पण तेव्हापासून वशिला लावणाऱ्यांना मी हसत नाही. स्वतःचं म्हणाल तर नाइट ड्यूटीवरून येताना कमला नेहरू पार्कात वीस मिनिटं बसते. व्यायाम शून्य. घरी गेल्यावर मुलांवर खेकसत नाही, एवढाच फायदा. तो माझ्या मुलांना विचारा.

कोथरूड, आकडेवारीतला माणूस

ताई, अभ्यास छान, पण जरा जपून. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांवरचा 2019 चा अभ्यास सगळीकडे फिरतो : आठवड्याला 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. पण ज्याची तब्येत चांगली, तोच बागेत जातो, असंही असू शकतं ना? माझे गुडघे दुखायला लागले तसं माझं जाणं बंद झालं. बाग सोडल्यामुळे गुडघे दुखले नाहीत.

(तरी संध्याकाळी बाकावर जाऊन बसतो. कारण विचारू नका.)

औंध, दोन मुलांची आई

मोठ्याला सातव्या वर्षी चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, धाकट्याला रोज दोन तास उजेडात बाहेर सोडा. घरातल्या दिव्यांचा उजेड तीनशे ते पाचशे लक्स (उजेड मोजायचं माप), बाहेर दिवसा दहा हजारांच्या वर. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोळा लांबट होण्याला, म्हणजे नंबर लागण्याला, आळा बसतो, असं मानतात. लागलेला नंबर त्याने उतरत नाही, मोठ्याला उगाच आशा दाखवू नका, हेही त्यांनी बजावलं. मग रोज बाग. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ बघत बसायचे. आता घसरगुंडीपाशी पाचजणी जमतो आणि मुलंच आम्हाला "चला ना घरी" म्हणतात.

पाषाण, वय 29

मी वेताळ टेकडीचा. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. लोकांना वाटतं सगळी झाडी जुनीच. अहो, फेब्रुवारीत गुलाबी फुलणारं ते गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मूळचं मध्य अमेरिकेतलं, इथे लावलेलं. आपली सालई आणि गणेर मात्र शोधावी लागते. वर्क फ्रॉम होममध्ये झोप पार उडाली होती, म्हणून पहाटे जायला लागलो. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमारास नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकली आणि अर्धा तास उकिडवा बसून राहिलो. पक्षी दिसला नाही. त्या रात्री मात्र दहाला झोपलो. विनंती एकच : मोबाईलवरची गाणी स्पीकरवर लावून टेकडी चढू नका. आणि मैत्रिणींनो, अंधारात एकट्या जाऊ नका, चौघी मिळून जा.

नारायण पेठ

हास्यक्लब. सुरुवातीला खोटं हसायची इतकी लाज वाटायची की झाडामागे उभी राहायचे. पंधराव्या दिवशी समोरच्या आजोबांची कवळी निसटली. तेव्हापासून खरं हसते.

जनता वसाहत, घरकाम

मुलगी टाइप करतेय, मी सांगते. सकाळी चार घरं, संध्याकाळी दोन. बारा ते तीन मला मोकळा वेळ. घर पत्र्याचं, एप्रिलमध्ये आत बसवत नाही. कामाजवळ बाग आहे, पण दुपारी तिला कुलूप. मग मी भिंतीला टेकून फुटपाथवर डबा खाते. झाड आतलं, सावली बाहेर. आम्ही तिघीचौघी असतो, भाजी वाटून घेतो. कुणाच्या मालकिणीने पगार कापला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, सगळं तिथंच कळतं. रविवारी पोरांना घेऊन सारसबागेत जातो. गणपतीला हात जोडायचे, मग गवतावर चटई टाकून आडवं व्हायचं. मला फायद्याचं एवढंच माहीत : आडवं झालं की पाठ दुखायची थांबते. तुम्ही सगळे सकाळी जाता ती वेळ आमची भांड्यांची.

धागाकर्ता

ताई, तुमचं वाचून मी गप्प झालो. आमच्या सोसायटीशेजारच्या बागेलाही दुपारी कुलूप असतं आणि इतक्या वर्षांत मला ते ठाऊकच नव्हतं. आज सकाळी गेलो, सहा फेऱ्या मारल्या, बाहेर येताना पाटीवरची वेळ वाचली. उन्हाळ्यात दुपारी बाग उघडी ठेवा म्हणून अर्ज लिहितोय. सहकारनगरचे काका, तुमची टोळी सही करेल का? ताई, तुम्ही?

सहकारनगर, वय 71

सातही सह्या धरा. शुद्धलेखन मी तपासतो.

जनता वसाहत, घरकाम

करते की सही. पण आधी एक विचारा त्यांना. बाकड्यावर डोळा लागला तर वॉचमन उठवणार का?