शाळेत संगीत शिकवायला लागले आहे, अनुभवी शिक्षकांचा सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. या जूनपासून सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत अंशकालीन संगीत शिक्षिका म्हणून रुजू झाले आहे. पाचवी ते आठवी. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकच तास, तोही पस्तीस मिनिटांचा, आणि वर्गात साठच्या आसपास मुलं. माझं गायनात विशारद झालं आहे. घरी शिकवण्या घेतल्या, पण तिथे एका वेळी चार-पाच जणच असायचे. एवढा मोठा वर्ग कसा सांभाळायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

अलंकार (सा रे ग म चे ठरावीक क्रमाचे सराव) घ्यायला लागले की पुढच्या दोन रांगा गातात आणि मागे गोंगाट सुरू होतो. काही मुलं अख्खं गाणं एकाच स्वरात म्हणतात. आठवीतले मुलगे तोंडच उघडत नाहीत. घटक चाचणी जवळ आली की माझा तास गणिताला जातो. शाळेत एक पेटी आहे. तबला आहे, पण डग्ग्याची पुडी फाटलेली आहे. घरी येईपर्यंत घसा बसलेला असतो, त्यामुळे स्वतःचा रियाज जवळजवळ बंद पडला आहे.

शाळेची अपेक्षा १५ ऑगस्ट आणि स्नेहसंमेलन नीट पार पडावं एवढीच आहे. मला मात्र वर्गातल्या प्रत्येक मुलाला गाता यावं असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू?

जुनी पेटी
रानजाई, तुमची शेवटची इच्छा अगदी रास्त आहे आणि ती पुरी होण्यासारखी आहे. मी सोलापूरकडे नोकरीभर हेच काम केलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला षड्ज (सा) धरता ते, तपासा. तुम्ही बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये (सप्तकातल्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असाल. मुलं तुमच्याच सप्तकात तुमच्यामागून गातात आणि तिथे त्यांचा षड्ज पार तळाला जातो. मग ती गाण्याऐवजी शब्द नुसते बोलतात. पाचवी-सहावीच्या मुलांचा गळा मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा चालतो. गाणं निवडलं की त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा, आणि दोन्ही या टापूत बसतील असा षड्ज धरा. सा ते तार सा एवढं फिरणारं गाणं पांढरी एक किंवा काळी एकमध्ये घ्या. मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प ला) उतरणारं, पण वर धैवतापुढे (ध च्या पुढे) न जाणारं असेल तर पांढरी चारमध्ये. तुम्हाला तुमच्या सवयीपेक्षा वर, हलक्या आवाजात गावं लागेल. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, पण मुलांचा आवाज उमललेला तुम्हाला लगेच ऐकू येईल.

एका स्वरात म्हणणाऱ्या मुलांचा कान खराब नसतो. ती बोलण्याच्याच आवाजात गात असतात, वरचा आवाज त्यांना सापडलेला नसतो एवढंच. त्यांना सांगा, शेताच्या पलीकडच्या बांधावर कुणी उभं आहे, त्याला 'ओऽऽ' अशी लांब हाक मारा. त्या हाकेत तो आवाज असतोच. हाकेचा स्वर पेटीवर तुम्ही शोधा. मुलाने आपल्या स्वराला यायचं हे पुढचं काम, आधी आपण त्याच्या स्वराला जायचं. 'हा बघ, हा तुझा स्वर' असं म्हणून तो धरून ठेवायला लावा, मग एक पायरी वर, एक पायरी खाली. वर्गात त्याला पक्क्या सुराच्या मुलाशेजारी बसवा. आणि काही झालं तरी, कार्यक्रम उद्यावर आला असला तरी, कुणालाही 'तू नुसते ओठ हलव' म्हणू नका. हे वाक्य लहानपणी ऐकून पुन्हा कधीच न गायलेली मोठी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत.

साठ मुलांपुढे अलंकारांनी सुरुवात करू नका. चार-पाच स्वरांत फिरणारी गाणी आपल्याकडे भरपूर आहेत: भोंडल्याची, हादग्याची, जात्यावरच्या ओव्या. मुलांना घरून आजीकडून एखादी ओवी आणायला सांगा. माझ्या वर्गात त्यामुळे कितीतरी आज्या शाळेत येऊन गाऊन गेल्या. ते सूर मुलांच्या गळ्यात बसले की त्यांतूनच सा रे ग म दाखवायचं. आधी गाणं आणि मग स्वरांची नावं, या क्रमाने गेलं की अलंकार कंटाळवाणे होत नाहीत.

गाणं शिकवताना एक ओळ तुम्ही दोनदा गा आणि मुलांनी फक्त ऐकावं. मग मुलांनी गायची आणि तुम्ही गप्प राहायचं. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही सोबत गात राहिलात तर ती तुमच्या आवाजावर रेलतात आणि स्वतःला ऐकतच नाहीत. शिवाय तुमचा घसा वाचतो.

कोयनाकाठ
+१, शेवटच्या मुद्द्यासाठी खास. घशाबद्दल थोडी भर घालतो.

गोंगाटावर आवाज चढवायचा नाही, हा नियम मी कडक पाळतो. वर्गात शिरल्यावर बोलायचंच नाही. चार मात्रांचा एखादा बोल टाळीने वाजवायचा आणि मुलांनी तसाच परत द्यायचा. पुढचा बोल जरा वेगळा, मग त्यात चुटकी, मग मांडीवर थाप. तिसऱ्या-चौथ्या बोलापर्यंत मागची रांगसुद्धा सामील होते, कारण नीट पाहिलं नाही तर बोल चुकतो. तास सुरू झाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

नंतरही अर्धा वर्ग गातो तेव्हा उरलेल्या अर्ध्याने ताल धरायचा. केरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, टाळी आणि खाली (जिथे टाळी न देता हात नुसता उघडायचा) दाखवून. दर आठवड्याला रांगा फिरवा, मागचे पुढे आणि पुढचे मागे.

कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माइक मिळतो, तो घ्याच. लागोपाठ तास असतील तर मध्ये एखादा ऐकण्याचा ठेवा: पाच मिनिटं सनई, पाच मिनिटं संबळ, आणि मुलांनी काय ऐकलं ते सांगायचं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आवाज हेच आपल्या कामाचं साधन आहे, त्यात चालढकल नको. आणि रियाज संध्याकाळवर ठेवू नका, सकाळी शाळेआधी वीस मिनिटं केलात तरी तो टिकतो.

तिहाई
आठवीच्या मुलग्यांबद्दल लिहितो. त्यांचा आवाज फुटत असतो. काल लागणारा स्वर आज लागत नाही, मध्येच आवाज चिरकतो आणि वर्ग हसतो. ती मुलं ताठपणामुळे गप्प नसतात, लाजेने गप्प असतात. आधी वर्गाला सरळ समजावून सांगा की या वयात स्वरयंत्र वाढतं, सगळ्यांचंच वाढणार आहे, यात हसण्यासारखं काही नाही. मी हे विज्ञानाच्या सरांना सोबत घेऊन सांगतो.

मग त्यांना खालच्या सप्तकात चार-पाच स्वरांपुरतंच काम द्या. गाणाऱ्यांच्या मागे नुसता षड्ज-पंचम धरून ठेवणं हीसुद्धा मोठी जबाबदारी आहे, आणि ती मुलं ती आनंदाने घेतात. पोवाड्यातली 'जी जी रं जी'ची साथ तर त्यांच्यासाठीच असल्यासारखी आहे. ताणून वर गायला लावू नका. पण 'आवाज स्थिर झाला की ये' असं म्हणून बाहेरही ठेवू नका. एकदा गेलेली मुलं सहसा परत येत नाहीत.

मधली सुट्टी
मी संगीताची नाही, मुख्याध्यापिका होते, म्हणून तास जाण्याबद्दल लिहिते. तास जातो तो बहुतेकदा त्या तासात काय होतं हे कागदावर कुठेच नसतं म्हणून. वर्षाचं नियोजन करून द्या, महिन्यागणिक कोणती गाणी, कोणते ताल. कला विषयाची श्रेणी प्रगतिपुस्तकात जाते, तिच्या आकारिक (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदी तुमच्या वहीत तारखेनिशी हव्यात. मग 'हा तास घेतला तर या नोंदी कधी करू?' असं शांतपणे विचारता येतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील तर, कला शिक्षणाचे अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको म्हटलं आहे. हे वादासाठी वापरू नका, पण माहीत असू द्या, बोलताना बळ येतं.

दुसरं, परिपाठ मागून घ्या. रोजची दहा मिनिटं म्हणजे आठवड्याचा जवळजवळ एक तास.

जुनी पेटी
परिपाठाची सूचना फार चांगली. तिथूनच एक गोष्ट लगेच सुधारता येईल. बहुतेक शाळांत राष्ट्रगीत कुणीतरी मनाला येईल त्या सुरात उचलतं. त्याची चाल मंद्र निषादापासून (खालच्या नी पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) जाते, त्यामुळे सुरुवात चढी झाली की शेवटच्या 'जय हे'ला नुसता आरडाओरडा होतो. रोज पेटीवर काळी एकचा षड्ज द्या, मुलांना तो क्षणभर गुणगुणू द्या आणि मग सुरू करा. ५२ सेकंदांत बसवायचं असतं, लयही आपोआप आटोक्यात येते. महिनाभरात सगळी शाळा एका सुरात गाऊ लागली की संगीताच्या तासाकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते. राज्यगीतालाही हीच पद्धत, फक्त षड्ज कुठला ते त्याची चाल बघून ठरवा.

गौळण
गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवा असं सुचवेन. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण. पाचवीत सुरू केलं तर दहावीपर्यंत बऱ्याच परीक्षा होतात आणि दहावीला वाढीव कलागुणही मिळतात. पालक लगेच तयार होतात. गुणांचे नियम त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात बघून घ्या.

जुनी पेटी
गौळण, परीक्षा जरूर द्याव्यात, पण शाळा सुटल्यावर, ज्यांना हव्या आहेत त्यांनीच. वर्गाचा तास परीक्षेचा झाला की साठातली दहा मुलं शिकतात आणि पन्नास बघत बसतात. रानजाईंना नेमकं तेच नको आहे. स्नेहसंमेलनाचंही तसंच. निवडक बारा जणांचं गाणं बसवा, पण एक गाणं तरी अख्ख्या वर्गाचं असू द्या.

आणि मोठा वर्ग म्हणजे दुय्यम काम असं मनात आणू नका. आपल्या कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गुरूच्या घरी राहून शिकायची विद्या त्यांनी वर्गात आणली, त्यासाठी क्रमिक पुस्तकं लिहिली. समूहाला शिकवण्याची ती वाट आपल्याला तयार मिळाली आहे.

कोयनाकाठ
वाद्यांचं राहिलं. डग्ग्याला पुडी बसवून घ्या, नव्या जोडीपेक्षा खूप कमी खर्च येतो. उरलेल्या पैशांत डफ, खंजिऱ्या, टाळ घ्या, म्हणजे एका वेळी जास्त हात कामाला लागतात. लेझीम क्रीडा विभागात पडून असतीलच. गावातल्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्यांना एकदा बोलवा, ते हौसेने येतात. पावसाळ्यात तबला सैल पडला तर उन्हात ठेवू नका, कोरड्या खोलीत झाकून ठेवा. पेटीचा भाता उंदरांपासून जपा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी बदलून बघितली. पांढरी चारमध्ये भोंडल्याचं गाणं घेतलं आणि पाचवीचा वर्ग खरोखर गायला! मी गप्प बसून ऐकत होते. आठवीला षड्ज-पंचमाचं काम दिलं आहे, दोघा-तिघांनी तोंड उघडलं. परिपाठाबद्दल उद्या विचारणार आहे.

एक प्रश्न राहिला. सहावीत एक मुलगी श्रवणयंत्र लावते. ती गाण्याच्या तासाला खिडकीशी जाऊन बसते. तिला कसं सामील करून घेऊ?

तिहाई
आधी तिलाच एकटीला विचारा की तासात नेमका कशाचा त्रास होतो. बंद खोलीत साठ मुलांच्या टाळ्या यंत्रातून फार कर्कश येऊ शकतात, तसं असेल तर तालाचं काम व्हरांड्यात किंवा मैदानावर घ्या. तिला तुमचे ओठ दिसतील अशी पुढे बसवा आणि ओळीचे शब्द फळ्यावर लिहा. पेटीच्या लाकडावर आणि डग्ग्याच्या अंगावर तिला हात ठेवू द्या, खालचे स्वर हाताला चांगले जाणवतात. डफ छातीशी धरून वाजवायला द्या, ठेका अंगाला कळतो. अनेक श्रवणयंत्रांत संगीत ऐकण्यासाठी वेगळं सेटिंग असतं, ते चालू आहे का हे पालकांना श्रवणतज्ज्ञांकडे विचारायला सांगा. आणि गाताना तिला वगळू नका, तिचा स्वर कुठे लागतो तेही पेटीवर शोधा.