रविवारी पहिली रेड आहे, तयारी काय करू? जरा लवकर सांगा

अमळनेरी_०७ · गुरुवार, रात्री ९:१२
रविवारी ऑनलाइन गेममधली माझी पहिली रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या बॉसना पाडायचं. गिल्डवाल्यांनी (गेममधली आमची टोळी) एक भलीमोठी शीट पाठवलीय, त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं. अट्यून होऊन या, एफआरपी आणा, डीबीएम टाका, एसआर शनिवारपर्यंत भरा, असं काय काय. मी हीलर आहे, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. गोल्डही फारसं नाही माझ्याकडे. काय घ्यायचं आणि काय सोडायचं तेवढंच सांगा. निबंध नको प्लीज, वेळ नाही.

केळीबाग_रावेर · ९:२०
कुठला गेम?

नंदुरबारी_मिरची · ९:२३
सोपं आहे भाऊ. रेड वीकेंड शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, सोमवारी दुपारी संपतो. प्रत्येकाला पाच हल्ले, डिस्ट्रिक्ट पूर्ण पाडलास की सहावा मिळतो. पहिले हल्ले कडेच्या डिस्ट्रिक्टवर वाया घालवू नकोस. क्लॅनमध्ये आधी ठरवून घ्या कोण कुठे मारणार.

अमळनेरी_०७ · ९:२५
क्लॅश ऑफ क्लॅन्स नाही हो! वर हीलर लिहिलंय ना? क्लॅशमध्ये कुठून आला हीलर?

नंदुरबारी_मिरची · ९:२६
आहे की. पांढऱ्या कपड्यातली, उडते.

अमळनेरी_०७ · ९:२८
बरं. वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट), मोल्टन कोरची रेड. आता सांगा.

धुळ्याची_हीलर · ९:३१
आज भाऊबीज आहे म्हणून बहिणीच्या नात्याने सांगते, तो गेम सोड. चाळीस माणसं गोळा करायची, त्यातली दहा झोपलेली. फायनल फँटसी १४ घे. सॅव्हेज रेडला आठच जण लागतात, गर्दी आवडत असेल तर चोवीस जणांच्या अलायन्स रेड आहेत. फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत चालते. हीलरला मानही आहे तिथे.

अमळनेरी_०७ · ९:३३
ताई, रविवारी रेड आहे. आज गुरुवार. आता गेम बदलू?

केळीबाग_रावेर · ९:३५
क्लास कुठला? प्रीस्ट, पॅलाडिन, ड्रुइड की शामन? रेस? लेव्हल ६० झालीय का? अट्यूनमेंट झालीय का? एवढं न सांगता हीलर आहे म्हणणं म्हणजे डॉक्टरला फोनवर नुसतं ‘दुखतंय’ सांगणं.

अमळनेरी_०७ · ९:३८
प्रीस्ट, ६०. रेसने काय फरक पडतो?

केळीबाग_रावेर · ९:४०
पडतो. क्लासिकमध्ये फिअर वॉर्ड फक्त ड्वार्फ प्रीस्टला मिळतो. मॅग्मादार हा तिथला बॉस सगळ्यांना फिअर करतो, म्हणजे घाबरवून पळवतो, तेव्हा टँकवर (पुढे राहून मार खाणाऱ्यावर) तो वॉर्ड लागतो. तू ड्वार्फ असशील तर तुझ्या नावावर ते काम आधीच लिहिलेलं असणार, शीट परत बघ.

अमळनेरी_०७ · ९:४१
ह्यूमन.

केळीबाग_रावेर · ९:४२
मग ती जबाबदारी नाही. अट्यूनमेंट?

अमळनेरी_०७ · ९:४३
तेच तर विचारतोय, काय असतं ते?

भुसावळ_टँक · ९:५०
मी लिहितो, रात्रपाळीला बसलोय. लिस्ट घे. ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशन किमान दहा. शीटवरचं एफआरपी म्हणजे तेच. मेजर मना पोशन वीस, मना म्हणजे हील मारायला लागणारी शक्ती. डार्क रून. मना रिजेनचं एलिक्सिर. नाइटफिन सूप. जमलं तर फ्लास्क. ओनिक्सिया ड्रॅगनचं डोकं शहरात टांगतील त्या वेळी जाऊन बफ (तात्पुरती वाढीव ताकद) घे, मग फेलवूडमध्ये साँगफ्लॉवर फुलाचा. बफ घेतलेस की लॉगआउट, रेडपर्यंत कॅरेक्टरला हात लावायचा नाही. मेलास की सगळे बफ गेले.

तापीकाठचा · ९:५४
कितला बोलस रे भो तू! पोरगा म्हणतोय गोल्ड नाही, आणि हा महागडा फ्लास्क सांगतोय. मोल्टन कोरला फ्लास्क? २००५ च्या एप्रिलमध्ये तिथला शेवटचा बॉस रॅग्नारोस पहिल्यांदा पडला तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं, म्हणून कित्येक महिने लागले. २०१९ ला क्लासिक आलं तर आठवड्याच्या आत पाडला, तोही अशा लोकांनी ज्यांच्यातले कित्येक जण ६० ला पोचलेही नव्हते. हिरव्या, म्हणजे साध्या गियरमध्ये होते ही रेड. जा, बरा कर, लूट घे, झोप.

भुसावळ_टँक · ९:५८
ते लोक जगातले निवडक होते. याच्या गिल्डमधले निम्मे बॉसने टाकलेला लिव्हिंग बॉम्ब अंगावर घेऊन घोळक्यात उभे राहणारे असतील. टँक मी असतो, मार मला बसतो, तुला नाही.

तापीकाठचा · १०:०१
लिव्हिंग बॉम्बवर फ्लास्क काय करणार? तिथे पाय लागतात.

भुसावळ_टँक · १०:०२
तुझ्यासारख्यांमुळेच वाइप होतात, अख्खी रेड मरते.

केळीबाग_रावेर · १०:२०
तुम्ही दोघं भांडा, तोवर याचं काम करू. उद्या केळीची गाडी भरायचीय, म्हणून एकदाच लिहितो. निबंध झाला तर वाच गुपचूप.

अट्यूनमेंट म्हणजे मोल्टन कोरमध्ये थेट शिरायची सोय. ती आधी, बाकी सगळं नंतर. ब्लॅकरॉक माउंटनमध्ये, ब्लॅकरॉक डेप्थ्स या भुयाराच्या दाराजवळ लोथॉस रिफ्टवेकर नावाचा एल्फ उभा आहे. त्याच्याकडून क्वेस्ट घे. मग पाच जणांचा ग्रुप करून डेप्थ्समध्ये शिर. आत खूप खोलवर मोल्टन कोरचं दार आहे, त्याच्याजवळ पडलेला कोअर फ्रॅगमेंट उचल आणि लोथॉसला आणून दे. मग त्याच्या शेजारच्या खिडकीतून उडी मारली की थेट मोल्टन कोर. हे केलं नाहीस तर प्रत्येक वेळी अख्खं डेप्थ्स तुडवत जावं लागेल, आणि रेड लीडर एका नव्या प्रीस्टसाठी चाळीस जणांना थांबवणार नाही. अनोळखी लोकांबरोबर दोन तास धर. रविवारवर ढकलू नकोस.

तुझं खरं काम हीलपेक्षा डिस्पेल, म्हणजे अंगावरची वाईट जादू काढणं आहे. लुसिफ्रॉन पहिलाच बॉस. तो इम्पेंडिंग डूम टाकतो, दहा सेकंदांत काढला नाही तर त्या माणसाला दोन हजारांचा फटका बसतो. ते मॅजिक आहे, म्हणजे तुझं. त्याचा दुसरा कर्स मेज आणि ड्रुइड काढतील, तिकडे बघायचंही नाही. बॅरन गेडनचं इग्नाइट मनाही मॅजिकच, तेही तुझं. त्यासाठी डिकर्सिव अ‍ॅडऑन टाक, बारीक चौकोन रंग बदलतात, क्लिक केलं की झालं. डीबीएम हेही अ‍ॅडऑनच, ते बॉसची सूचना देतं. तुझ्या नावाचा बॉम्ब ओरडलं की घोळक्यातून बाहेर पळ, भिंतीकडे. आठ सेकंद असतात. हील अर्धवट सोडून पळायचं.

मना. तुझा मना संपतो कारण तू मोठ्यातला मोठा हील मारत असणार. हीलच्या खालच्या, कमी मना खाणाऱ्या रँक बारवर ठेव. आणि मना खर्च केल्यावर पाच सेकंद काही कास्ट केलं नाहीस तरच स्पिरिटचं रिजेन (मना परत भरणं) पुन्हा चालू होतं, म्हणून अधूनमधून हात आखडायला शीक. नव्या हीलरला वाटतं थांबलो तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत.

अमळनेरी_०७ · १०:२६
धन्यवाद दादा. पण एफआरपी घ्यायचे की नाही? एक म्हणतो दहा, एक म्हणतो शून्य.

भुसावळ_टँक · १०:२८
दहा.

तापीकाठचा · १०:२८
शून्य. सगळ्या पोशनचा कूलडाउन एकच, दोन मिनिटांचा. फायर पोशन प्यायला की मना पोशन पिता येत नाही. हीलरला मना महत्त्वाचा.

केळीबाग_रावेर · १०:३३
कूलडाउनचं बरोबर. पण फायर पोशनचं कवच तासभर टिकतं, १९५० ते ३२५० डॅमेज खाऊन मगच संपतं. पुलच्या, म्हणजे बॉसला छेडायच्या दोन मिनिटं आधी प्यायलास की बॉस सुरू होईपर्यंत कूलडाउन मोकळा. मग मना पोशन हवा तेव्हा. दोन घे. एक गेडनला, एक रॅग्नारोसला. उरलेलं गोल्ड मना पोशन आणि बफच्या मेणबत्त्यांवर घाल, त्या रीएजंटच्या दुकानात मिळतात. फ्लास्क नको.

भुसावळ_टँक · १०:३५
दोन कमी पडतील. मी सांगून ठेवलं.

पाचोरा_बॅकअप · १०:४१
कुणी मूळ प्रश्नाकडे बघेल का? रात्री वीज गेली तर? पोशन घेऊन अंधारात बसणार? राउटरला छोटा यूपीएस लाव. अ‍ॅडॅप्टरवर बघ, बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात, अँपियरही जुळव. लॅपटॉपला बॅटरी आहेच. फायबर जर थेट घरापर्यंत पॅसिव्ह असेल तर मधल्या खांबावर वीज लागत नाही, तुमच्या गल्लीत अंधार असला तरी नेट चालू राहू शकतं. केबलवाल्याने मधे कुठे स्विच बसवला असेल तर मात्र त्याची वीज गेली की तुझंही नेट गेलं. त्याला फोन करून विचार. ऑक्टोबरचा उकाडा आहे, लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस.

अमळनेरी_०७ · १०:४४
हा मूळ प्रश्न नव्हता :) पण लाइट जाते खरी आमच्याकडे. यूपीएस मामाच्या दुकानात आहे एक, उद्या आणतो.

पाचोरा_बॅकअप · १०:४६
किती वाजता आहे रेड? त्यावर बॅकअप किती लागेल ते सांगतो.

अमळनेरी_०७ · १०:४७
सर्व्हरचे रात्री ८. युरोपचा सर्व्हर आहे, साडेतीन तासांचा फरक. म्हणजे आपले साडेअकरा.

धुळ्याची_हीलर · १०:५०
साडेअकराला रेड म्हणजे जेवण हलकं ठेव हं. आमच्याकडे अजून फराळच संपत नाहीये.

तापीकाठचा · १०:५२
दुपारी शेवभाजी, रात्री दूधभात. भरीत-पुरी खाऊन रेडला बसलेला हीलर लुसिफ्रॉनलाच घोरायला लागतो.

नंदुरबारी_मिरची · १०:५३
भरीत आत्ता कुठे? थंडी पडू दे जरा.

भुसावळ_टँक · १०:५४
वांगी बाजारात आलीत. थंडीच पाहिजे असं काही नाही.

नंदुरबारी_मिरची · १०:५५
बाजारात वर्षभर असतात. भरताचं वांगं वेगळं. आसोद्याच्या माणसाला विचार जाऊन.

केळीबाग_रावेर · ११:०२
वांगी राहू द्या. रविवार म्हणजे २६ तारीख ना? ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या दिवशी पहाटे युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारपर्यंत फरक साडेतीन तास, रविवारपासून साडेचार. सर्व्हरचे ८ म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, तारीख सोमवारची. साडेअकराला बसलास तर तासभर रिकामा दरवाजा बघत बसशील.

अमळनेरी_०७ · ११:०४
काय??? सोमवारी पहाटे साडेपाचची पुण्याची बस आहे माझी!

तापीकाठचा · ११:०५
रेड तीन-साडेतीनला संपेल. आंघोळ कर, बॅग उचल, बसमध्ये झोप. अजून काय पाहिजे?

भुसावळ_टँक · ११:०७
पहिल्यांदा येणाऱ्यांचा ग्रुप असेल तर तीनला गोलेमॅग या बॉसपर्यंत पोचले तरी पुष्कळ. लीडरला आत्ताच डिस्कॉर्डवर मेसेज टाक की तुझ्याकडचे पहाटेचे साडेतीन वाजले की निघशील. मधेच गायब होणाऱ्या हीलरला पुढच्या आठवड्यात कुणी बोलावत नाही. हे मात्र मी पैजेवर सांगतो.

अमळनेरी_०७ · ११:१०
माझं इंग्रजी बोलायचं जरा... माइक लावावा लागतो का?

धुळ्याची_हीलर · ११:१२
नाही रे. ऐकायचं फक्त. गिल्डमधल्या निम्म्यांचं इंग्रजी तुझ्याहून कच्चं असतं, युरोपात सगळे इंग्रज नसतात. सांगायचं असेल ते टाइप कर. आणि एसआर म्हणजे सॉफ्ट रिझर्व्ह, तुला हव्या असलेल्या वस्तूचं नाव आधी लिहून ठेवायचं. ती पडली की ज्यांनी लिहिलीय त्यांच्यातच रोल (फासे टाकणं) होतो. शीटमध्ये नाव भरलं नाहीस तर हक्क नाही. याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं म्हणून, गेम माझा नसला तरी.

अमळनेरी_०७ · ११:१५
थँक्स ताई. प्रीस्टसाठी काय लिहू?

केळीबाग_रावेर · ११:१८
प्रॉफेसीचा प्रीस्टसाठीच्या कपड्यांचा सेट तिथलाच आहे, त्यातला जो भाग तुझ्याकडे सगळ्यात वाईट असेल तो. मेजॉर्डोमो या बॉसच्या पेटीतलं आय ऑफ डिव्हिनिटी सगळे प्रीस्ट लिहितात, पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागू नकोस. आता अट्यूनमेंटचं बोल. सर्व्हर कुठला, अलायन्सच ना?

अमळनेरी_०७ · ११:२१
ह्यूमन म्हटल्यावर अलायन्सच की. सर्व्हर तुम्हाला मेसेज केलाय.

केळीबाग_रावेर · ११:२६
बघितला. माझा वॉरलॉक आहे तिथे, धूळ खात पडलेला. शनिवारी रात्री दहाला डेप्थ्स. मी, तू, अजून तिघं हवेत. टँक पाहिजेच.

भुसावळ_टँक · ११:२८
माझा टँक होर्डमध्ये, म्हणजे अलायन्सच्या विरुद्ध पक्षात आहे, नाहीतर आलो असतो. शनिवारी सुट्टीच आहे माझी.

तापीकाठचा · ११:३०
माझा पॅलाडिन आहे तिथे. डेप्थ्सला टँक होतो मी, शिव्या देऊ नका.

भुसावळ_टँक · ११:३१
पॅलाडिन टँक. घे आता, अमळनेरी, पोशन दहाच घे.

अमळनेरी_०७ · ११:३३
शनिवारी दहा पक्कं. लीडरलाही मेसेज टाकला, तो म्हणाला साडेतीनपर्यंत चालेल, नंतर दुसरा हीलर आत घेईल. अजून दोघं हवेत, कुणी असेल तर सांगा.

नंदुरबारी_मिरची · ११:४०
आमच्या क्लॅनमध्येही दोघं कमी आहेत. उद्या दुपारी साडेबाराला. फुकट आहे, बसमध्येही खेळता येतं.