शब्दचर्चा: 'ऋणानुबंध' जपानीत कसा कोरायचा?

निशिगंध
आमच्या चाकणच्या कारखान्यातले जपानी सल्लागार पुढच्या महिन्यात कायमचे ओकायामाला परत चाललेत. निम्म्या विभागाला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तांबट आळीतून पितळी तबक घेतलंय, त्यावर 'ऋणानुबंध' या अर्थाचा जपानी शब्द घालून घ्यायचाय. भाषांतराच्या ॲपनं 'शाक्किन' दिलं. जपानी शिकणारी भाची म्हणाली, मावशी, ते सावकाराचं कर्ज! तिनं 'एन' सुचवलं. ऑफिसातले लोक 'किझुना' (माणसामाणसांतलं घट्ट नातं) म्हणतायत. पितळेवर एकदा उमटलं की संपलं, म्हणून आधी इथे विचारतेय.

चाकणकर
किझुना लिहा, डोळे झाकून. 2011च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमध्ये त्या वर्षाचं चिन्ह म्हणून हेच निवडलं गेलं होतं. जपानी माणसाला ते लगेच भिडतं.

हिराबाग
भिडतं, मान्य. मुळात किझुना म्हणजे जनावर बांधायची दोरी, आपलं दावं. आज कुणाच्या मनात दावं येत नाही, त्यामुळे त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्यात मागचा जन्म नाही, तो 'एन'मध्ये आहे. 'सोदे फुरिआउ मो ताशो नो एन' अशी म्हणच आहे: वाटेत बाहीला बाही लागली तरी ती अनेक जन्मांची गाठ. ऋणानुबंधाला याहून जवळचं काय मिळणार?

मात्र 'एन' एकटा कोरू नका. मी जपानी शिकवते, म्हणून कळकळीनं सांगते. तेच चिन्ह 'फुची' असंही वाचतात आणि फुची म्हणजे काठ. तबकाच्या काठावर 'काठ' लिहिलंय असं वाचलं जाईल! आधी आदराचा 'गो' लावून 'गोएन' करा.

दुसरी काळजी कारागिराची. 'एन' आणि 'मिदोरी' (हिरवा) ही चिन्हं जुळ्या भावांसारखी आहेत. डावीकडचा सुताचा भाग दोन्हींत एकच. उजवीकडच्या खालच्या रेघा चुकल्या की नातं जातं आणि हिरवा रंग उरतो. शिवाय दुकानातल्या संगणकानं चिनी फॉन्ट उचलला तर अक्षराचं वळणच बदलतं. शब्द व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका. जपानी फॉन्टमधली पीडीएफ द्या, कागदावर छाप काढून घ्या आणि ती एखाद्या जपानी माणसाला दाखवून मगच धातूला हात लावू द्या.

आडवाटेचा
आरियाना ग्रांडेचं 2019चं गोंदण आठवा. लिहायचं होतं 'सात अंगठ्या', तळहातावर उमटलं 'शिचिरिन', म्हणजे कोळशाची छोटी शेगडी. गोंदलेली दोन्ही चिन्हं बरोबरच होती, मधली गाळली म्हणून अर्थ फिरला. सुटं चिन्ह बरोबर असणं पुरत नाही.

चाकणकर
@हिराबाग, पण 'गोएन' म्हणजे पाच येनसुद्धा ना? निरोपाच्या भेटीवर पाच येन?

हिराबाग
उच्चार एक, चिन्हं वेगळी. त्यामुळे नुसत्या उच्चारलिपीत लिहू नका, 'एन' चिन्हातच हवा. आणि त्या साम्याचं जपान्यांना वावडं नाही, उलट देवळात मुद्दाम पाच येनचं नाणं टाकतात, चांगली गाठ पडावी म्हणून. ते नाणंही पितळेचंच.

बोरूबहाद्दर
एन म्हणजे आपलं ऋणच आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर शब्द चीनला गेला, तिथे 'ऋ' गळाला, पुढे जपानला पोचेपर्यंत 'एन' झाला. मी हे बरीच वर्षं मांडतोय.

हिराबाग
नाही हो काका. एन हा चिनी 'युआन'चा जपानी उच्चार. बौद्ध ग्रंथांत तो संस्कृत 'प्रत्यय'साठी योजला, म्हणून कल्पना आपल्याकडची म्हणा, शब्द नाही. संस्कृतातून खरेच गेलेले शब्द हवे असतील तर नरकाचा 'नाराकू' घ्या. दानाचा 'दान्ना' घ्या: आधी दान, मग दाता, मग मालक आणि आता नवरा.

आडवाटेचा
म्हणजे आपला 'धनी'! मालकही तोच, नवराही तोच.

माणदेशी
मूळ शब्दाबद्दलच माझी तक्रार आहे. आमची आजी ऋणानुबंध वाईटालाही म्हणायची. भांडकुदळ भावकी, दावणीला येऊन लगेच मेलेला बैल, सगळ्यांना एकच वाक्य: "ऋणानुबंधी हाय, वसूल करून जाणार." ऋण आहे म्हणजे येणंही आहे आणि देणंही. लग्नपत्रिकांनी हा शब्द गोडमिट्ट करून टाकला.

चाकणकर
आजीबद्दल आदर आहे, पण आज पुण्यात कुणाला 'आपले ऋणानुबंध आहेत' म्हटलं तर तो वसुलीला घाबरेल का? लोक बोलतात तोच अर्थ.

माणदेशी
पुणं म्हणजे सगळी मराठी नव्हे. अर्धा अर्थ कापून टाकायचा आणि उरलेल्याला प्रचलित म्हणायचं, हे मला पटत नाही.

हिराबाग
जपानीतही ती अर्धी बाजू आहे: 'कुसारे-एन', सडलेला एन, तोडू म्हणता तुटत नाही असा. शब्दाचे दोन्ही काठ जुळतात म्हणूनच मला हा शब्द हवाय. निव्वळ ऋण हवं असेल तर 'ओन' आहे, उपकाराचं ऋण. त्याची फेड म्हणजे 'ओनगाएशी'. पण भेटीवर फेड लिहिली की हिशेब मिटवल्यासारखं होतं, मला ते नको वाटतं.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. गोएन आणि किझुना, दोन्ही छापून घेते. रविवार पेठेतल्या नाव घालणाऱ्यांना 'कोरून द्याल का' विचारलं तर ते म्हणाले, "खोदायचंय की लेझर?" यात फरक आहे का?

बोरूबहाद्दर
आहे! भांड्यावर नाव 'घालतात', लाकूड 'कोरतात', विहीर 'खोदतात'. धातूवरच्या लेखाला 'उत्कीर्ण' हा शब्द असताना लेझर कशाला?

चाकणकर
काका, दुकानात जाऊन 'उत्कीर्ण करा' म्हणून बघा. लेझर हे यंत्राचं नाव आहे, त्याला मराठी कशाला शोधायची?

माणदेशी
आमच्याकडे भांड्यावर नाव 'टाकतात'. घालतात ते कपडे.

बोरूबहाद्दर
टाकतात तो कचरा! श्रवणबेळगोळला बघा, 'चामुंडराजें करवियलें' आहे. 'टाकियलें' नाही.

माणदेशी
'घातलें' तरी कुठंय?